सशाचे यकृत आणि पिंजऱ्याची जमीन



गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांच्या व्याधींचा ऊहापोह करण्यात आपल्या परिषदांचा बहुतेक काळ खर्ची पडतो, आणि ते रास्तही आहे. परंतु अध्यक्षाने आपल्या आवडीचा विषय घेऊन श्रोत्यांना घटकाभर वेठीस धरावे, अशी जी सवलत परंपरेने त्याला बहाल केली आहे तिचा लाभ घेऊन मी आज सशाच्या यकृतातील कॉक्सिडिओसिसविषयी बोलणार आहे.

डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेवेनहूक याने 1674 मध्ये स्वहस्ते घासलेल्या भिंगातून सशाचे पित्त पाहिले आणि त्यात आढळलेल्या अंडाकृती कणांची हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीच्या चिटणिसांना पत्राने कळविली. हा रोग घडविणाऱ्या आयमेरिया स्टिडी या परजीवीचेच ते कोष असावेत, असे आज मानले जाते. पुढे 1839 मध्ये टॉमस गॉर्डन हेक या इंग्रज वैद्याने सशाच्या यकृतातील गाठी कर्करोगाच्या आणि त्यांतील कोष म्हणजे पुवाचे कण, असा निवाडा दिला. हे गृहस्थ कवीही होते, पण त्यावरून काव्याविषयी कोणी अनुमान काढू नये.

रोगाची ओळख मात्र ग्रंथापेक्षा शवविच्छेदनाच्या मेजावरच पटते. दूध तोडून काही आठवडे झालेले, पाठीचा कणा हाताला लागणारे आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे फुगलेले पिल्लू उघडावे, तर एरवी देहाच्या वजनाच्या शेकडा चारांच्या आसपास असणारे यकृत कधी कधी पंचमांशापर्यंत वाढून सगळी उदरपोकळी व्यापून बसलेले दिसते, आणि त्यावर पित्तनलिकांच्या वाटेने पिवळट पांढऱ्या गाठी पसरलेल्या असतात. त्यांपैकी एक गाठ कापून आतल्या सायीसारख्या द्रवाचा थेंब काचपट्टीवर घेतला, की सूक्ष्मदर्शकाखाली लांबट कोषांची गर्दी दिसते आणि निदानाचा प्रश्न तेथेच निकालात निघतो. कुत्र्याच्या पट्टकृमीची डिंभावस्थाही सशाच्या यकृतात खुणा ठेवते, म्हणून केवळ डोळ्यांवर विसंबून दाखला देऊ नये.

या परजीवीचा कारभार मोठा पद्धतशीर आहे. चाऱ्यापाण्यातून पोटात गेलेला कोष लहान आतड्यात फुटतो, त्यातील सूक्ष्म जीव यकृतापर्यंत पोहोचून पित्तनलिकांच्या अस्तरात वाढतात, आणि साधारण अडीच आठवड्यांनी नवे कोष पित्तावाटे आतड्यात व तेथून लेंडीत उतरतात. परंतु ताजा कोष निरुपद्रवी असतो! ऊब, ओल आणि हवा मिळून तो पक्व होण्यास दोन-तीन दिवस लागतात. त्यानंतरच तो दुसऱ्या सशाला बाधतो. ससा आपली मऊ विष्ठा थेट गुदद्वारातून खातो, हे पाहून नवे पालक घाबरतात. पण त्या विष्ठेतील कोष अपक्व असल्याने त्या सवयीचा या रोगाच्या प्रसाराशी संबंध नाही. दोष जमिनीवर टाकलेल्या घासाचा, लेंड्या पडलेल्या पाण्याच्या वाटीचा आणि वरच्या पिंजऱ्यातून खालच्यात गळणाऱ्या घाणीचा आहे. वरून धडधाकट दिसणारी माताही कोष टाकीत असते, हे ध्यानात ठेवावे.

म्हणूनच, औषधाची बाटली आधी आणि झाडू मागाहून, हा आपल्याकडील क्रम मला उलटा वाटतो. सल्फाजातीची औषधे आणि टोल्ट्राझुरिल परजीवीला जरूर आवरतात. पण तंतुमय झालेले यकृत पूर्ववत होत नाही, आणि पिंजऱ्याखाली ओली घाण तशीच राहिली तर औषध थांबताच रोग पुनश्च हजर होतो. फिनेल, ब्लीचिंग पावडर यांना हा कोष दाद देत नाही; उकळते पाणी, वाफ, फ्लेमगनची आंच आणि कडकडीत ऊन हेच त्याचे वैरी. जाळीचा तळ, उंचावरची गव्हाण आणि रोजची झाडलोट एवढा बंदोबस्त ज्याने चोख ठेवला, त्याची पिल्ले जगतात.

हा परजीवी माणसाला बाधत नाही, तरी असे यकृत बाजूस काढूनच मांस विकावे. ससेपालकांना माझी एकच विनंती आहे: मेलेले पिल्लू उकिरड्यावर टाकू नका, बर्फात ठेवून त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकाकडे न्या, आणि पशुवैद्यक बंधूंनी ते उघडल्यावाचून औषधाची चिठ्ठी लिहू नये.