दंगल की बायकांचं युद्ध?



मी कॉलेजात इतिहास शिकवते. नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० रोजी स्वतंत्र झाला, हे मुलं पाठ करून येतात. लढा कुठून सुरू झाला विचारलं की पक्ष, वर्तमानपत्रं, परदेशात शिकून आलेले पुढारी अशी उत्तरं मिळतात. मी मात्र ओलोको नावाच्या खेड्यापासून सुरुवात करते. तिथल्या बायका वगळल्या तर पुढचं नीट कळत नाही, असं माझं मत आहे.

१९२८ साली आग्नेय नायजेरियात इंग्रजांनी पुरुषांवर कर बसवला. आधी माणसं मोजली होती, पण ती करासाठी, हे सांगितलं नव्हतं. नोव्हेंबर १९२९ मध्ये पुन्हा मोजणी निघाली, या वेळी बायका, मुलं, शेळ्यामेंढ्यांसकट. बायकांनी काय ते ओळखलं. त्यातच पामतेलाचे भाव उतरलेले, आणि तेलावर तर त्यांचा संसार चालायचा. न्वान्येरुवा तेल काढत बसली होती, तेव्हा मोजणीदार दारात आला. तुझ्या विधवा आईला मोजलंस का, असं तिने उलट विचारलं. झटापट झाली, आणि ती तडक बायकांच्या सभेत गेली. (मोजणीदार शाळामास्तर होता म्हटलं की वर्गात हशा पिकतो. आपल्याकडेही खानेसुमारीला मास्तरांनाच धाडतात.)

इथे मी थांबते आणि विचारते, हजारो बायका इतक्या लवकर जमल्या कशा? पामची पानं पाठवून गावोगाव निरोप गेले, हे खरं. पण निरोप पोचवणारं जाळं आधीपासून विणलेलं होतं: बायकांच्या सभा, बाजार, माहेर-सासरचे धागे. बायकोला छळणाऱ्याच्या अंगणात जमायचं, त्याच्यावर गाणी रचायची, त्याच्या घरावर मुसळं आपटायची, तो माफी मागेपर्यंत हलायचं नाही, ही तिथली जुनी रीत. तिला 'पुरुषावर बसणं' म्हणत. लाटणे मोर्चात गेलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. आता त्या इंग्रजांनी सनद देऊन नेमलेल्या मुखियांवर 'बसल्या'. हे मुखिये जवळजवळ सगळे पुरुष, आणि त्यांच्या नेमणुकीत बायकांच्या सभांना कोणी विचारलंच नव्हतं. ओलोकोचा मुखिया ओकुगो याचं पद गेलं, शिक्षाही झाली. पुढे इग्बो आणि इबिबियो बायकांनी कोर्टं जाळली, कंपन्यांची दुकानं फोडली. सरकारने गोळ्या घातल्या. पन्नासहून अधिक बायका मेल्या. त्यांच्या हातून मात्र एकही माणूस मेला नाही.

सरकारी कागदांत याचं नाव 'आबाची दंगल'. इग्बोत 'ओगू उमुन्वान्यी', म्हणजे बायकांचं युद्ध. ज्युडिथ व्हॅन ॲलन यांनी दाखवून दिलं की 'आबाची दंगल' म्हटलं की बायका दिसेनाशा होतात, एवढा मोठा मुलूख एका गावापुरता होतो, आणि विचारपूर्वक केलेली कृती नुसता धुडगूस ठरते. मी मुलांना एकच घटना दोन्ही नावांखाली लिहायला लावते. पहिल्या नावाखाली 'जमाव' लिहिणारी मुलं दुसऱ्या नावाखाली मागण्या लिहू लागतात.

'मॅडम, मग त्यांना मिळालं काय?' हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी मुलगी विचारतेच. बायकांवरचा कर तेव्हा टळला. १९३३ च्या सुमारास सनदी मुखियांची पद्धत मोडली, नव्या कोर्टांत मोजक्या बायका आल्या. पश्चिमेकडे, अबेओकुटात, फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांच्या संघटनेने बायकांवरच्या करावरून असं रान उठवलं की १९४९ च्या जानेवारीत तिथल्या राजाला गादी सोडावी लागली. आणि मताचा अधिकार? उत्तर नायजेरियातल्या बायकांना तो मिळाला १९७६ साली.