सुखाचा हिशेब कोण मांडतो?

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'नीती आणि सुख' असा जड विषय माझ्या गळ्यात घातलाय. मी प्रोफेसर नाही. माझा बाप नगरपालिकेच्या गटारात उतरायचा. घरी आला की आई आधी दाराबाहेर पाण्याची बादली ठेवायची. शाळेत मास्तर सांगायचे, गाव स्वच्छ तर सारे सुखी. मी मनात म्हणायचो, साऱ्यांत माझा बाप धरलाय का? आज बोलायचंय ते एवढ्यावरच.

इंग्लंडात जेरेमी बेंथॅम होऊन गेला. नीती आणि कायद्यावरचा त्याचा ग्रंथ १७८९ साली निघाला. त्याचं म्हणणं सरळ होतं. एखादं कृत्य बरं की वाईट, हे पोथी किंवा रूढी ठरवणार नाही. त्यातून सुख किती निपजलं, दुःख किती, याची बेरीज-वजाबाकी करा. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख होईल, ते बरोबर. पंडित याला उपयुक्ततावाद म्हणतात.

हे साहेबाचं खूळ म्हणून उडवून लावू नका. राजाचं सुख आणि झाडूवाल्याचं सुख एकाच मापानं मोजायचं, हे त्यात आहे. एकाच गुन्ह्याला जात बघून शिक्षा सांगणाऱ्या मनूच्या बुडाखाली हा सुरुंगच! बाबासाहेबांनीही हे हत्यार वापरलं. हिंदू धर्माचं तत्त्वज्ञान तपासताना त्यांनी दोन कसोट्या लावल्या, न्यायाची आणि उपयुक्ततेची. ते लिखाण त्यांच्या हयातीत निघालं नाही. १९८७ साली महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी खंडांत आलं. आता ध्यानात घ्या, कसोट्या दोन. एकीवर भागलं नसतं का?

महाडला चला. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलनं सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव केला. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्याले. मागोमाग हजारो प्याले. सवर्णांनी आपल्या माणसांची डोकी फोडली, मग शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं.

आता मांडा हिशेब. एका बाजूला आमची तहान. दुसऱ्या बाजूला, तळं बाटलं म्हणून त्यांना झालेलं दुःख. ते दुःख ढोंगी नव्हतं, खरंच पोटात दुखत होतं त्यांच्या! ते बेरजेत धरायचं? गावात ते शंभर घरं, आम्ही गावकुसाबाहेर दहा. जितका त्यांचा विटाळ कडक तितकं त्यांचं दुःख मोठं, आणि तितकं पारडं त्यांच्याकडं झुकणार. म्हणजे द्वेष करणाऱ्यालाच द्वेषाचं व्याज!

बेंथॅमवाला म्हणेल, लांबचा हिशेब करा, जातीनं दुःखच जास्त होतं. खरंय. बेरीज आमच्या बाजूनंही येईल. पण ती येईस्तोवर आम्ही तळ्याच्या काठावर कोरड्या घशानं उभं राहायचं? पाण्यावरचा हक्क बेरजेच्या उत्तरावर टांगलेला नाही.

दुसरा जॉन स्टुअर्ट मिल. १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. तो म्हणाला, सारं सुख एका तोलाचं नसतं. माणूसपण गमावून मिळालेलं समाधान हलकं. हे आम्हाला पटतं. माझ्या आज्याला विचारलं असतं, सुखी आहेस का, तर तो म्हणाला असता, 'मालकाची कृपा हाय.' शिळा तुकडा मोठा पडला तरी तो खूष. व्यवस्थेनं त्याची भूकच छाटून ठेवली होती. अशा सुखाची साक्ष कशी काढायची? चळवळ आली तेव्हा पहिल्यांदा त्याची झोप उडाली. ती झोपमोड लाखमोलाची. पण याच मिलनं १८५९ साली स्वातंत्र्यावर लिहिताना मागास समाज खुशाल वगळले. मोजणाराच माणसं गाळतो, ते असं.

आणि आज? हातानं मैला काढण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ साली सांगितलं. २०२३ साली तीस लाख केले. ते पैसे मिळालेच पाहिजेत, त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण शहराचा मनातला हिशेब ओळखा: लाखोंची सोय, एकाचा जीव. तो एक दर वेळी कुठल्या वस्तीतून येतो? पाळी लावा, आज अमुक कॉलनी, उद्या तमुक सोसायटी. यंत्र परवा येईल!

म्हणून सुख नको का? हवंच. बुद्धानं सुरुवातच दुःखापासून केली, आणि भिक्खूंना बहुजनांच्या हितासुखासाठी चालायला लावलं. पण बहुजनांचं सुख कुणा एकाच्या मानेवर उभं करायचं नसतं. आधी विचारा: हिशेब कोण मांडतोय? कोण गाळलाय? कुणाची मान खाली आहे? ती मान मोकळी करा, मग बसू बेरीज करायला.

माझा बाप त्या बेरजेत कधीच धरला गेला नाही. पुढच्या पोराचा बाप गाळू द्यायचा नाही, एवढं इथून ठरवून उठा.

जय भीम.