घरातले दोन हिशेब



संसार सुखाचा कसा व्हावा, या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने जे उत्तर दिले, ते मराठी वाचकाला परके नाही. इंग्लंडातून आलेले जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले, येथील लोकांची भाषा शिकले, आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. लिपी रोमन, पण ओवी मराठी. अशा दहा हजारांहून अधिक ओव्यांतून त्यांनी येथील घराघरांत जी कथा पोहोचवली, तिच्यात प्रापंचिकांच्या उपयोगाचे पुष्कळ आहे.

त्या कथेतील पहिला चमत्कार घडतो तो काना गावच्या एका लग्नघरी. पाहुणे जमलेले असताना द्राक्षारस संपतो. कोणत्याही यजमानाची मान खाली जावी असाच हा प्रसंग. येशूच्या मातेच्या ही उणीव लक्षात येते. ती चारचौघांत बोभाटा करीत नाही, यजमानाला दूषण देत नाही. मुलाच्या कानावर घालते आणि सेवकांना त्याच्या सांगण्याप्रमाणे वागण्यास सुचवते. घरातील उणीव कोणाला सांगावी आणि कोणाला सांगू नये, याचा हा पहिला धडा होय.

दुसरा प्रसंग अरण्यातील भोजनाचा. जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या एवढ्यावर सुमारे पाच हजार पुरुष तृप्त होतात. आश्चर्य येथेच संपत नाही. ज्याच्या हाती अन्न वाढवण्याचे सामर्थ्य आहे, तोच शिष्यांना उरलेले तुकडे वेचण्यास सांगतो, आणि बारा टोपल्या भरतात. विपुलता असली म्हणून नासाडी करण्याचा अधिकार मिळत नाही, हा त्यातील बोध. अन्न देणगी म्हणून आले आहे, तेव्हा त्याचा तुकडाही हिशेबात धरला पाहिजे.

मात्र काटकसर म्हणजे कृपणता नव्हे, हेही शुभवर्तमान बजावते. एका स्त्रीने तीनशे दिनारांहून अधिक किमतीचे सुगंधी तेल येशूच्या मस्तकावर ओतले, तेव्हा भोवतालच्या काहींनी नासाडी म्हणून तिला धारेवर धरले. येशूने तिचीच बाजू घेतली. प्रेमाने दिलेले वाया गेले, असे त्याच्या लेखी नाही. वाया जाते ते बेपर्वाईने सांडलेले आणि दिखाव्यासाठी उधळलेले.

हा झाला एक हिशेब. तो घरात ठेवावयाचा. दुसरा हिशेब मात्र ठेवावयाचाच नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने प्रीतीची जी लक्षणे सांगितली, त्यांत ती दुसऱ्याच्या अपराधांची नोंद ठेवीत नाही, हेही एक आहे. इफिसकरांस लिहिताना तो सूर्यास्तापूर्वी राग आवरण्यास सांगतो. परस्परांच्या अधीन असावे असे प्रथम दोघांना सांगतो, आणि पत्नीवर स्वतःच्या देहाप्रमाणे प्रीती करण्याची जबाबदारी पतीवर टाकतो. एकट्या स्त्रीने सारे सोसावे, असा अर्थ ज्यांनी काढला त्यांनी ते पत्र अर्धेच वाचले. नीतिसूत्रांच्या ग्रंथात तर शांततेने खाल्लेल्या कोरड्या घासाला भांडणाच्या घरातील मेजवानीपेक्षा मोलाचे ठरवले आहे.

हे दोन्ही हिशेब एकमेकांशी निगडित आहेत. पैशाची उधळण झाली की उसनवारी येते, उसनवारीतून लपवाछपवी आणि लपवाछपवीतून कलह. उलट कलह असलेल्या घरी रांधलेले अन्न ताटात तसेच राहते. म्हणून एकच हिशेब सांभाळून भागत नाही. अठराव्या शतकातील इंग्लंडचे थोर धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांचे उदाहरण येथे आठवते. पैशाच्या विनियोगावरील त्यांचे १७६० चे प्रवचन प्रसिद्ध आहे. सचोटीने मिळवावे, जपून वापरावे आणि गरजूंना द्यावे, हे त्याचे सार, आणि त्यांचे आचरणही तसेच होते. परंतु १७५१ मध्ये झालेला त्यांचा विवाह सुखाचा ठरला नाही. पत्नी एकाहून अधिक वेळा घर सोडून गेली. १७८१ मध्ये ती निवर्तली, तेव्हा दफन उरकल्यानंतर ती वार्ता त्यांना कळली. पै-पैचा हिशेब चोख असूनही घर रिते राहू शकते.

याच्या उलट चित्र मराठीतच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या हाती पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की हात सैल सुटे. स्वभाव तापट, आणि न सांगता घराबाहेर पडण्याची खोड. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे पती-पत्नी दुरावली. पुढे दोघे एकत्र आली आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या घरात अनाथ मुले वाढली, पाहुण्यांचा राबता राहिला, आणि अपुऱ्या मिळकतीत चूल पेटती ठेवण्याची चिंता लक्ष्मीबाईंनी वाहिली. पहिला हिशेब त्यांनी असा राखला.

आणि दुसरा? १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले ‘स्मृतिचित्रे’ त्याची साक्ष देते. टिळकांचा राग, विसराळूपणा, उधळेपणा, दोघांमधील भांडणे, काहीही त्यात झाकलेले नाही. सारे आठवते; परंतु ते वसुलीसाठी मांडलेले नाही. ज्या प्रसंगांवर दुसऱ्या कोणी आयुष्यभर कुढत बसले असते, ते लक्ष्मीबाई हसून सांगतात. अपराधांची नोंद न ठेवणे म्हणजे विसरणे नव्हे; आठवणीतील विष काढून टाकणे होय, हे त्या ग्रंथाने मराठी वाचकाला शिकवले.

टिळक १९१९ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभीच्या प्रकरणांतच थांबले होते. शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे पूर्ण केले. अरण्यातील त्या भोजनानंतर शिष्यांनी तुकडे वेचले. या माउलीने पतीचे अपुरे राहिलेले काम वेचून घेतले आणि वाया जाऊ दिले नाही.

श्रोतेहो, घरात धान्याचा दाणा जपावा, तसाच जोडीदाराचा चांगला शब्दही जपावा. सांडू द्यावा तो केवळ राग.