दारावर पाटी नाहीं

कर्ज मागणाऱ्याचा धंदा खरोखर चालतो कीं नाहीं, हें जागेवर जाऊन पाहावें व बँकेस कळवावें, हें माझें काम. मी कुणाचा नोकर नव्हे. भेटीमागें ठरलेले पैसे मिळतात. शाहूपुरींतील गुळाची अडत किंवा उद्यमनगरांतील कारखाना पाहण्यास वेळ लागत नाहीं. पाटी असते, वह्या असतात. अडचण येते ती सुभाषनगरांत. कोल्हापुरी चपलेस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें खरें, पण ती होते पुष्कळदां राहत्या घरांत.

छापील नमुन्यांतील प्रश्न असा: दारावर पाटी आहे काय? एका घरीं मीं ‘नाहीं’ लिहिलें आणि निघालों. कर्ज नामंजूर झालें. आंत बाई कातड्याची वेणी विणीत होत्या, पुढ्यांत रापी आणि आरी होती. पण तें लिहावयास रकानाच नव्हता.

पुढें तशाच दुसऱ्या घरीं गेलों, तेव्हां तयार जोड मोजले, कातड्याच्या पावत्या पाहिल्या आणि सर्व कागदाच्या पाठीवर लिहिलें. पाटी कां लावीत नाहीं, असें विचारतां म्हातारे कारागीर हंसले. “साहेब, पाटी लावली तर घरपट्टी वाढंल की वो!”

हें कर्ज मंजूर झालें. पहिल्या घरीं पुन्हा जाण्याचें धैर्य मात्र मला अजून झालेलें नाहीं.