दातांच्या आत डोकावणारा प्रकाश



दात ठणकल्यावाचून आपण दंतवैद्याची पायरी चढत नाही, आणि तोवर कीड खोल गेलेली असते. अगदी आरंभीची कीड क्ष-किरणांनाही बहुधा दिसत नाही. १९९१ साली अमेरिकेत हुआंग, फुजिमोटो प्रभृतींनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत अवरक्त प्रकाश आत सोडतात व परतणाऱ्या किरणांची मूळ किरणाशी गाठ घालून थरांचे चित्र मिळवितात. किडलेल्या दंतवल्कात प्रकाश अधिक विखुरतो, म्हणून ती जागा उठून दिसते. ही दृष्टी दोन-तीन मिलिमीटरच पोचते; मुळांसाठी क्ष-किरण हवेतच. तोंडातील व्रणाचे विस्कटलेले थरही तीत दिसतात. तथापि कर्करोगाचा निर्णय तुकडा तपासूनच होतो. यंत्र मिळो न मिळो, आरसा घरोघरी आहे. तंबाखू-मिश्री सोडावी, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण डॉक्टरांना दाखवावा, एवढे तरी आपल्या हाती आहे.