तारखेच्या दिवसाचा खर्च



या परिषदेला जोडून आजपासून निधी संकलन सुरू होत आहे. बाहेर बचत गटांच्या बायकांनी स्टॉल मांडले आहेत, संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम आहे. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायका-मुलींसाठी तालुक्याचे गाव चारचौघांत पैसे गोळा करते, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे. हा विषय निघाला की दार लोटून घ्यायचे, अशा घरांत आपल्यातले बहुतेक जण वाढले. म्हणून ज्यांनी ही तयारी केली, त्यांचे आधी मनापासून अभिनंदन. आता अध्यक्ष म्हणून मला सांगायचे आहे ते सरळ सांगते. निधी देताना अत्याचार सोसलेल्या बाईची कहाणी मागू नका, आणि पैसे घ्यायला तिला व्यासपीठावर बोलावू नका.

देणगीदार चांगल्या मनाचे असतात. तरी पहिला प्रश्न येतो, ‘केस काय आहे?’ दुसरी अपेक्षा असते धनादेश तिच्याच हाती देण्याची, कारण अहवालात फोटो छापायचा असतो. चेहऱ्यावर ओढणी घेऊ, असेही सुचवले जाते. पण ओढणीने काय झाकते? गाव सांगितले, बापाचा धंदा सांगितला, शाळेचे नाव घेतले की पंचक्रोशीला सगळे कळते. भारतीय न्याय संहितेच्या ७२व्या कलमाने तिची ओळख उघड होईल असे काहीही छापणे गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तिला स्वतःला बोलायचे असेल तर तो तिचा अधिकार. कायदाही तिच्या लेखी संमतीने तशी मोकळीक देतो. मात्र मदत हवी म्हणून दिलेली संमती ही संमती नव्हे, हे आपण मनात पक्के धरले पाहिजे.

हे कलम आपल्याच मातीतून आले आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना पुन्हा सोडले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८०मध्ये मुंबईपासून अनेक शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. ओळख लपवण्याचे कलम त्याच दुरुस्तीत आले, तेव्हा ते २२८-अ होते. ज्या मुलीमुळे देशातल्या बायकांच्या नावांना हे संरक्षण मिळाले, तिचे स्वतःचे नाव मात्र त्याआधीच सर्वतोमुखी झाले होते. कायद्याच्या वर्गांत ते आजही घेतले जाते. मी ते इथे घेत नाही. लढा जिंकला गेला तो तिच्या नावावर. तिच्या रोजच्या जगण्याचा हिशेब त्या वेळी कोणी मांडला, असे मला दिसत नाही. आपल्या निधीने तो हिशेब मांडावा.

तो कसा असतो, हे कोर्टाच्या व्हरांड्यात बसल्याशिवाय कळत नाही. तारीख असते त्या दिवशी ती पहाटेची एसटी धरते. महिलांना २०२३पासून अर्धे तिकीट आहे, पण सोबत येणाऱ्या बापाला किंवा भावाला पूर्ण पडते. दोघांची मजुरी बुडते. अकराला पुकारा होईल म्हणून बाकावर बसायचे. समोरच्याच बाकावर आरोपीचे नातेवाईक. डबा उघडावासा वाटत नाही, म्हणून उपाशीच. चार वाजता कळते की वकील आले नाहीत, पुढची तारीख. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा म्हणतो की शक्यतो वर्षभरात खटला संपावा. या सभागृहातल्या वकिलांनी मनातल्या मनात आपापले खटले मोजावेत. अशा तारखा होत राहतात आणि एक दिवस बाप म्हणतो, ‘आता पुरे.’ आपण बाहेरून म्हणतो, फिर्यादी फितूर झाली. तिचे धैर्य संपलेले नसते, घरातले पीठ संपलेले असते.

अत्याचार सोसलेल्यांना अर्थसाहाय्य देणारी सरकारची मनोधैर्य योजना २०१३पासून आहे. ती महत्त्वाची आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तिचे अर्ज नेटाने लावून धरणे हे आपले काम आहे. पण त्या रकमेचा मोठा भाग मुदत ठेवीत जातो. पुढच्या आयुष्यासाठी ते योग्यच आहे, मात्र उद्याच्या एसटीला तो उपयोगी पडत नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने उपचार मोफत दिलेच पाहिजेत. त्यासाठी आपला निधी खर्च करायचा नाही, रुग्णालयाला कायदा दाखवायचा. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २०००मध्ये ‘सेहत’ संस्थेने आणि महापालिकेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. बाई उपचाराला जिथे येते, तिथेच तिच्याशी बोलणारे माणूस बसवले. ही गोष्ट साधी दिसते, पण त्या माणसाला दरमहा पगार लागतो. पगारासाठी देणगी द्यायला कोणी पुढे येत नाही. सगळ्यांना शिलाई मशीन द्यायचे असते.

नाव झाकून आणि नेमाने मदत करण्याची वाट आपल्याकडे आधीच घालून दिलेली आहे. १८६३मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवांना गुप्तपणे येऊन सुरक्षित बाळंत होण्याचे आवाहन जाहीरपणे केले. आवाहन जाहीर, आणि येणारी बाई मात्र पूर्ण झाकलेली. पंडिता रमाबाईंनी १८८७मध्ये बोस्टनला मंडळ उभे केले, ते दहा वर्षे पैसे देण्याच्या वचनावर. ठिकठिकाणची मंडळे वर्षाला थोडे थोडे पाठवत आणि त्या आधारावर १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. एका व्याख्यानाला जमलेल्या रकमेवर ते चालले नसते, हे रमाबाईंना नेमके ठाऊक होते. आपण संध्याकाळच्या गाण्याला टाळ्या वाजवू, पेटीत नोटाही टाकू. पण खटला चालेल तितकी वर्षे दरमहा शंभर रुपये देणारी दोनशे माणसे मला जास्त हवी आहेत. गणेश मंडळांना आणि पतसंस्थांना हे सहज जमण्यासारखे आहे. आणि हे काम बायकांवरच सोडू नका. तारखेला गाडी घेऊन येणारे, आरोपीच्या माणसांसमोर नुसते शेजारी बसणारे पुरुष आम्हाला हवेत.

दुपारच्या सत्रात यावर ठराव येईल. त्यात तीन बाबी स्पष्ट शब्दांत असाव्यात, अशी अध्यक्ष म्हणून माझी सूचना आहे. तारखेचा खर्च त्याच दिवशी रोख, हातात मिळावा; समितीच्या बैठकीची वाट पाहायला लागू नये. हिशेबवहीत नावाऐवजी क्रमांक असावा, क्रमांकाची किल्ली दोनच व्यक्तींकडे असावी, आणि लेखापरीक्षकाने व्हाउचर त्या क्रमांकावर तपासावे. खटला तिच्या विरुद्ध गेला, किंवा तिने मध्येच सोडला, तरी मदत थांबवू नये. तिसऱ्या बाबीवर मतभेद होतील, कार्यकारिणीतही झाले. ज्यांचा विरोध आहे त्यांनी तो दुपारी उभे राहून मांडावा. जेवणाच्या सुट्टीआधी दुरुस्त्या लेखी माझ्याकडे द्याव्यात.