सरपणाचा आरा: आधी तेलाचा हिशेब, मग लोखंड



बांधावरची उभी बाभूळ व्यापारी मातीमोल भावाने मागतो. तीच कापून, फोडून सरपण म्हणून विकली तर चार पैसे आपल्या घरात राहतात. म्हणून ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणारा साखळी-आरा आपण गावातच जोडू म्हणतो.

पण आधी हिशेब. मिनिटाला 20 लिटर तेल, 150 बार दाब. गुणाकाराला 600 ने भागा. 5 किलोवॅट, म्हणजे पावणेसात अश्वशक्ती. त्यातली काही वाटेतच जिरते. फेऱ्याला 8 घनसेंटिमीटर तेल घेणारी मोटर मिनिटाला 2500 फेरे देईल. मोठी मोटर लावली तर जोर वाढतो, वेग पडतो. आणि साखळीला वेग लागतो.

हँडल सोडताच स्प्रिंगने आरा थांबलाच पाहिजे. साखळीच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही. तुटलेली कडी गोळीसारखी सुटते. पाइपाची गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. दाबाचे तेल कातडीत शिरले तर खूण काटा टोचल्याएवढी दिसते, पण हात गमवावा लागतो. तडक दवाखाना गाठा.

लोखंड भंगारात मिळेल, हात मिळणार नाही. आरा आपण करूच. पण हात शाबूत ठेवून!